वन्संना कोंडलं ती खोली

४ जानेवारी

वन्संना वहिनीचा आशीर्वाद. देवाने तुम्हाला बाकी सगळं भरभरून दिलं आहे, म्हणून मी रोज दिवा लावताना तुमच्यासाठी फक्त झोप मागते.

जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाल्याचं रेडिओवर ऐकलं. मामंजींनी लगेच रेडिओ बंद केला. म्हणाले, "आता यापुढे ऐकण्यासारखं काही नसणार." तुमच्या दादांनी ऑफिसात बिस्किटं वाटली. तीन पुडे मागत होते, मी दोन दिले. बहीण मोठी झाली म्हणून ऑफिसातली माणसं काही वाढली नाहीत.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. फोन करावा तर मामंजी शेजारीच बसलेले असतात, आणि तिकडून तुमची सेक्रेटरी "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" एवढंच सांगते, त्याचेही पैसे पडतात.

मासिकाच्या विशेषांकात तुमची मुलाखत आली आहे. त्यात तुम्ही म्हणता, "मी तालमीला जाऊ नये म्हणून वडिलांनी मला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली. मी खिडकीतून उडी मारली आणि अनवाणी धावत नाट्यगृह गाठलं." वन्सं, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि आपण सगळे नाट्यगृहामागच्या त्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या दाराला कडी नव्हती. चौकट फुगल्यामुळे दार लागतच नसे, झोपताना आपण आतून कोळशाची इस्त्री टेकवून ठेवायचो. खिडकी एकच, ती शेजारणीच्या स्वयंपाकघरात उघडायची. उडी मारली असतीत तर थेट तिच्या पातेल्यात पडला असतात. आणि धावलात कुठून? नाट्यगृहाची भिंत आणि आपली भिंत एकच होती.

ज्यांनी कोंडलं म्हणता, ते मामंजी जन्मभर त्याच नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते. पडद्याआड पुस्तक धरून उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य पुरवायचं, ही त्यांची नोकरी. तुमची जीभ वळत नव्हती, सगळं घर तुम्हाला बोबडी म्हणायचं, तेव्हा मांडीवर बसवून नाटकातली वाक्यं त्यांनीच तुमच्याकडून घोटून घेतली. इतकी की पुढे शेजारीण कंटाळून म्हणाली, "मुलगी बोबडी होती तेच बरं होतं."

मामंजींच्या हाती पडू नयेत म्हणून मी मासिकातली ती पानं कापली. त्यांनी विचारलं, "मासिकाला भगदाड कसलं?" मी म्हटलं, मागच्या बाजूला साबणाचं कूपन होतं. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे, पुढे काही बोलले नाहीत.

पण सगळा रस्ता काही मला कापता येत नाही. बेकरीवालीबाई त्यांच्यासाठी भट्टीतला गरम पाव राखून ठेवायची, ती आता पाव फळीवर टाकते आणि दुसरीकडे बघते. आणि मास्तर येत नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी ते आपल्या पायरीवर मामंजींशी बुद्धिबळ खेळायला येत, पावसापाण्यातसुद्धा. त्यांची नात तुमच्या चळवळीचा बिल्ला लावते, तिनेच त्यांना मासिक वाचून दाखवलं. मामंजी रोज पट मांडून बसतात. कुणी येत नाही, मग दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात. काल काळ्याने हरवलं म्हणून पांढऱ्याची समजूत घालत होते.

या वयात माणसाला मित्र उरतो एक. तो तुमच्या खिडकीतून पडला. चार ओळी लिहून मासिकाला पाठवा, की असं काही घडलं नव्हतं. कागद नसेल तर या पत्राच्या मागची बाजू कोरीच सोडली आहे.

— वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

शूटिंगवरून लिहिते आहे. सकाळपासून सारखी मरते आहे आणि दर वेळी कॅमेरावाला म्हणतो, प्रकाश गेला, पुन्हा मरा.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. अगं, मुलाखत म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. मी ज्या बापाबद्दल बोलते ते अप्पा नव्हेत. ती एक व्यवस्था आहे.

सुरुवात कशी झाली सांगू? पहिलं पारितोषिक मिळालं तेव्हा एक वार्ताहर आला. म्हणाला, "घरून विरोध झाला असेल?" मी म्हटलं, "छे, वडीलच तालमीला न्यायचे." त्याने वही मिटली आणि चहा प्यायला. पुढच्याला मी सांगितलं, वडिलांना फारसं आवडायचं नाही. त्याने एक पान लिहिलं. मग दर पुरस्काराला अप्पा थोडे थोडे कडक होत गेले. कडी घातली ती राष्ट्रीय पारितोषिकाच्या वर्षी. खिडकी परदेशातल्या महोत्सवात निघाली, तिथे दुभाष्याला कडी सांगता येईना.

पण त्यातूनच 'कडी काढा' चळवळ उभी राहिली, हे विसरू नकोस. ज्या मुलींना खरोखर कोंडून ठेवतात, त्या मला पत्रं लिहितात. माझी गोष्ट ऐकून एकीने शाळेचा अर्ज भरला, एक जण परिचारिका झाली. आज मी म्हटलं की आमच्या दाराला कडीच नव्हती, तर त्यांचे बाप उद्या काय म्हणतील? बघा, सगळ्याच खोट्या. तेव्हा हे दोन गावगप्पा मारणाऱ्यांपेक्षा मोठं आहे. अप्पांना काही कळत नाही तोवर सगळं ठीक आहे.

आणि हो, पुरस्काराला येण्याचा विषय त्यांनी काढला तर प्रवास झेपणार नाही म्हणून सांग. डॉक्टरच्या नावावर ढकल.

सोबत घरातल्या सगळ्यांसाठी चळवळीचे बिल्ले पाठवते आहे.

तुझी,
बोबडी (हे नाव कुठे बोलू नकोस)


२७ जानेवारी

वन्संना वहिनीचा आशीर्वाद आणि थोडा रागसुद्धा. दोन्ही एकाच तिकिटात जातात.

तुम्ही लिहिता, तो बाप म्हणजे व्यवस्था. ती व्यवस्था सकाळी उठून माझ्याकडे बिनसाखरेचा चहा मागते. तिला मधुमेह आहे, आणि मी पाठ वळवली की ती डब्यातली साखर चाटते.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत. पण त्या मुलींची दारं खरी बंद होती ना? मग त्यांचीच सांगावीत. खऱ्या कड्या इतक्या असताना आमच्या नसलेल्या कडीवाचून काय अडलं होतं? देवळात दान द्यायचं तर आपल्या खिशातून द्यावं. सासऱ्याच्या अब्रूतून देऊ नये. देव घेत असेल, मला हिशेब लावता येत नाही.

त्यांनी काळा कोट पेटीतून काढला आहे. तुमच्या समारंभासाठी. दोन दिवस उन्हात टाकला, आता रोज ब्रश मारतात. त्यांना डॉक्टरचं खोटं मी सांगणार नाही. घरात एकीने रचायचं आणि दुसरीने वाटायचं, हे मला जमत नाही.

बिल्ले पोचले. टाचणी मजबूत आहे. पडद्याची दोन कडी तुटली होती, तिथे लावले.

पुन्हा सांगते, चार ओळी. त्यासाठी कोरा कागद सोबत जोडला आहे.

— वहिनी


११ फेब्रुवारी

'कडी काढा' अभियान, मध्यवर्ती कार्यालय

प्रिय भगिनी,

दार, कडी व सासरे यांसंबंधीचे आपले पत्र मिळाले. आपण हे लिहिण्याचे धाडस केलेत, याबद्दल अभिनंदन. आपली तक्रार नोंदवून आपल्या भागातील शाखेकडे पाठवण्यात आली आहे. शाखेच्या कार्यकर्त्या लवकरच आपल्या दारात उभ्या राहतील. तोपर्यंत धीर सोडू नका, आणि शक्य असल्यास खिडकीजवळ राहा.

आपल्या पत्रासोबत आलेला कोरा कागद आपली मूक वेदना म्हणून प्रदर्शनात लावला आहे.

आपली, कार्यालय सचिव
(हे पत्र वापरलेल्या कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या कागदावर छापले आहे.)


२४ फेब्रुवारी

वन्सं,

आशीर्वाद नंतर. आधी विचारते, तुमची पत्रं उघडतं कोण? पाकिटावर 'खाजगी' लिहिलं होतं. तुमच्या ऑफिसातल्या बायांनी ते वाचून मलाच सोडवायला माणसं पाठवली.

सोमवारी सकाळी मी कपडे धुवत होते. दार वाजलं. पंधरा-वीस बायका, हातात फलक. पुढे एक किडकिडीत मुलगी, तीच त्यांची प्रमुख. मला जवळ घेऊन हळू आवाजात विचारते, "ताई, तुम्हाला बाहेर जाऊ देतात का?" मी म्हटलं, "मीच जात नाही. बाहेर गेलं की खर्च होतो." तिने मागे वळून सांगितलं, "बघा, सवय झाली आहे हिला." एकीने डोळे पुसले. माझ्या हाताला साबण, मला तेही जमेना.

तेवढ्यात आतून मामंजी आले. मास्तरांची नात त्या घोळक्यात होती, तिने ओळखलं. "हाच तो. मॅडमचा बाप." मग काय विचारता. मी बाजूलाच राहिले, सगळ्या पायरीवर बसल्या आणि घोषणा सुरू झाल्या. मामंजींनी आतून सतरंजी आणून दिली, पायरी गार असते म्हणून. स्वतः खुर्ची घेऊन दाराशी बसले.

त्या प्रमुख मुलीचा घसा बसला होता. "बापाची सत्ता" असं जोरात म्हणाली आणि पुढचं विसरली. तुम्हाला माहीत आहे, असा खंड पडला की मामंजींना राहवत नाही. मान न वळवता, ओठ न हलवता, ते पूर्वी पडद्याआडून देत तसं त्यांनी सोडलं, "मोडून काढा." मुलीने उचललं. पुढे तासभर तेच. ती सुरुवात करायची, हे शेवट पुरवायचे. मध्येच तिला म्हणाले, "बेटा, घशातून नको, पोटातून घे, आणि 'काढा'नंतर थांब, लोकांना वेळ दे." आपल्याच विरुद्धच्या मोर्चाची तालीम घेतली त्यांनी. रस्त्यावरचे लोक म्हणाले, इतका सुरेख मोर्चा या भागात पूर्वी झाला नाही.

मग टीव्हीवाली आली. त्यांच्या तोंडासमोर माइक धरून म्हणाली, "तुम्ही मुलीला कोंडलं होतं का?" मी साबणाच्या हातांनी धावत पुढे झाले, 'नाही' असं सांगायला. मामंजींनी मला हाताने थोपवलं. म्हणाले, "हो. बाहेरून कडी घातली."

ती म्हणाली, "आणि खिडकी?"

मामंजी क्षणभर थांबले. त्यांचं ते थांबणं मला अजून दिसतं. म्हणाले, "खिडकी उघडी राहिली. मी आयुष्यात एवढंच एक बरं केलं."

कॅमेरावालासुद्धा नाक ओढायला लागला.

सगळे गेल्यावर मी त्यांना विचारलं, असं का केलंत. तर म्हणाले, त्यांना कधीपासून माहीत आहे. मी घरी पानं कापते आणि ते न्हाव्याच्या दुकानात अख्खं मासिक वाचतात. "तू कूपन म्हणालीस, तेव्हा बरं वाटलं," म्हणाले, "घरात अजून कोणी माझी लाज राखतं."

मी म्हटलं, "मग खरं का नाही सांगितलंत?"

"नट स्टेजवर असताना भलतंच वाक्य बोलून बसला, तर आडोशाचा माणूस 'चुकलं' म्हणून ओरडतो का? भलत्या वाक्याला जुळेल असं पुढचं देतो. ती अजून स्टेजवर आहे."

वन्सं, मला पुढे लिहवत नाही. तुमचे दादा त्या दिवसापासून जेवताना मान वर करत नाहीत.

— वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

ऑफिसातल्या गोंधळाबद्दल माफ कर. सेक्रेटरीला झापलं आहे. तिचं म्हणणं, दार-कडी-सासरे असलेलं पत्र ती दुसऱ्या कुठल्या गठ्ठ्यात ठेवणार होती.

अप्पांचं बोलणं मी पाहिलं. पाहून आधी रडले, मग सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी माझं सगळं सावरलं. सगळा देश ते दाखवतो आहे. चळवळीकडे एका आठवड्यात वर्षभराच्या मुली आल्या. मी त्यांना एवढंच सुचवेन, की पुढच्या वेळी थोडं कमी करावं. ते थांबणं जरा लांबलं होतं.

पुरस्कारवाल्यांचा आग्रह आहे की अप्पांना मंचावर बसवायचं. त्यामुळे त्यांना आता आणावंच लागेल. कोट बघून घे, टीव्हीवर काळ्यावर धूळ दिसते.

तूही ये.

— बो.


२२ मार्च

वन्संना वहिनीचा आशीर्वाद. बापाला बोलवायला देशाला आग्रह करावा लागला, तरी बोलावलंत हे खरं.

इकडची हकिकत. तुमचे वडील आता 'पश्चात्तापी पिता' आहेत. शाळांत बोलावतात, महिला मंडळात बोलावतात, परवा एका बँकेत नेलं. तिथे पश्चात्तापाचा काय संबंध, तर मॅनेजर म्हणाला, कर्जदारांवर चांगला परिणाम होईल. दर ठिकाणी ते तीच दोन वाक्यं बोलतात आणि लोक रडतात. घरात फुलांचे गुच्छ इतके साठले की पाण्याला बादल्या पुरत नाहीत. लोक फुलं देतात. तेवढ्याच पैशांत साबण दिला असता तर कामी तरी आला असता.

बेकरीवालीबाई पावाचे पैसे घेत नाही. "माणूस चुकतो हो," म्हणते आणि पदर डोळ्यांना लावते. फुकटचा पाव मी आजवर कधी परत केला नाही. हा घशाखाली उतरत नाही.

पण तुम्हाला वाटत असेल की मिटलं, तर मिटलेलं नाही. मास्तर येत नाहीत. मीच रस्त्यात गाठलं त्यांना. म्हटलं, सगळ्या जगाने माफ केलं, तुम्हीच का धरून बसलात? म्हणाले, "जगाचं काय, ते त्यांच्याबरोबर कुठे खेळलं? मी इतकी वर्षं रोज समोर बसलो आणि मला माणूस ओळखता आला नाही. त्यांना माफ करीन, माझ्या अकलेला कसं करू?"

हे मी मामंजींना सांगितलं. कॅमेऱ्यापुढे पटकन बोलणारा माणूस, कोटाला ब्रश मारत राहिला. मी म्हटलं, "निदान मास्तरांना तरी खरं सांगा." म्हणाले, "मास्तरांना सांगायचं म्हणजे मुलगी खोटारडी आहे हे सांगायचं. ते माझ्या तोंडून नाही."

त्या संध्याकाळपासून त्यांनी पट मांडला नाही. सोंगट्या डब्यात घालून डबा कपाटावर टाकला. वन्सं, समाजाने पाठ फिरवली होती तेव्हाही ते पट मांडत होते. आता सत्कार होतो आहे आणि ते भिंतीकडे बघत बसतात.

— वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

आजचा पेपर बघितलास? पहिल्या पानावर अप्पा, कुठल्याशा रुग्णालयाचं उद्घाटन करताना. मी सहाव्या पानावर, हवामानाखाली, आणि माझ्या नावाखाली लिहिलं आहे 'पश्चात्तापी पित्याची कन्या'. तीस वर्षं मी कॅमेऱ्यापुढे रडते आहे. त्यांनी दोन वाक्यांत खिशात टाकलं सगळं.

काल दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं." मला वाटलं, नवी भूमिका. तर म्हणतो, "तुमचे वडील एखादं काम करतील का? फक्त बसायचं आहे." माझ्या घटस्फोटाच्या वेळीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

चळवळीच्या सभेत आता मुली मला कडीबद्दल विचारत नाहीत. विचारतात, अप्पा कसे आहेत.

मी ठरवलं आहे. समारंभात सगळं खरं सांगून टाकणार. कडी नव्हती, कोंडलं नाही, प्रॉम्प्टर बापाने मला बोलायला शिकवलं. खऱ्याचा विजय झालाच पाहिजे. तू म्हणशील, ही जळून बोलते आहे. असू दे. कारण काही का असेना, तुला हवं होतं ते होतंय ना? मास्तरांना टीव्हीसमोर बसव.

— बो.


१८ एप्रिल

वहिनी,

तू आली नाहीस, भाडं वाचवलंस, फार बरं केलंस. दादाने काय सांगितलं ते ठाऊक नाही. मी सांगते.

अप्पा मंचावर पहिल्या खुर्चीत होते, काळ्या कोटात. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आज मी खरं बोलणार आहे. माझ्या वडिलांनी मला कधीच कोंडलं नाही." मला वाटलं, आता गहजब होणार. चळवळ बुडणार, पुरस्कार काढून घेणार. मी तयारीने गेले होते, कबुली दिल्यावर उतरायला मागच्या दाराचा जिनासुद्धा बघून ठेवला होता. म्हटलं, "आमच्या दाराला कडीच नव्हती." आणि मला रडू फुटलं. खरं रडू, वहिनी, शपथेवर.

पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. मग तिच्यामागची रांग. मग अख्खं सभागृह. टाळ्या थांबेनात. मंत्र्यांनी चष्मा काढला. सूत्रसंचालक म्हणाला, "क्षमा कशी करावी, हे आज या कन्येने शिकवलं." मी ओरडून सांगत होते, "क्षमा नाही, अहो, हे खरं आहे." तर टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी माइक बंद केला, वेळ संपली म्हणून.

आज समीक्षकाने लिहिलं आहे, 'दाराला कडी नव्हती, हे या अभिनेत्रीचं आजवरचं सर्वांत धाडसी रूपक.' संघटनेच्या डॉक्टरबाईंचा फोन आला, "छळ झालेली माणसं छळणाऱ्याला असंच पाठीशी घालतात, काळजी करू नका, आपण यावर शिबिर घेऊ." आणि त्या मुली म्हणताहेत, इतकं मोठं मन आमचं नाही.

मी अप्पांकडे बघितलं होतं. वाटलं, ते पुढचं वाक्य देतील. त्यांनी दिलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बहुतेक त्यांच्याकडेही नव्हतं.

खोटं बोलले तेव्हा लोकांना पटायला एक मिनिट लागलं, खरं बोलले तर कुणालाच पटेना. आता काय करू, सांग.

— बोबडी


२५ एप्रिल

वन्सं,

तुमच्या दादांनी सांगितलं, तुम्ही फार सुंदर रडलात. तिथेच फसलं.

सभागृहाला सांगून उपयोग नव्हता. तिथे लोक तिकीट काढून येतात ते तुम्ही रडून दाखवावं म्हणून, खरं ऐकायला कुणी पैसे टाकत नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही काम चोख केलंत. मास्तरांनाही मी टीव्हीसमोर बसवलं होतं. उठताना म्हणाले, "बाई काय अभिनय करते."

तुम्हाला देशाला पटवायचं नाही. देशाचं मामंजींवाचून काही अडत नाही. एका माणसाला पटवायचं आहे, तो आपल्या रस्त्याच्या टोकाला राहतो, निळं फाटक. बसने या. सेक्रेटरी नको, गॉगल नको, गुच्छ तर मुळीच नको. मामंजींना मी काही सांगणार नाही, ते तुम्हाला जाऊ देणार नाहीत.

आलात तर जेवायला थांबा. माणूस वाढलं की भांड्यात पाणी वाढवते मी, त्यात विशेष काही नाही.

— वहिनी


१२ मे

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. दोन दिवस तुझ्याकडे बरे गेले. अप्पांशी म्हणावं तसं बोलणं झालं नाही, ते भिंतीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. निघताना फक्त म्हणाले, "आवाज खराब झालाय तुझा, जप."

मास्तरांकडे जायचं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं चढलं होतं, गोळी आणायला म्हणून बाहेर पडले आणि तशीच परत आले. तू रागावली असशील. मी तरी काय करू, काही गोष्टी मला नाही जमत.

नव्या सिनेमात आजीचं काम आहे. मिशा नाहीत एवढंच समाधान.

— बोबडी


३० मे

वन्संना वहिनीचा मनापासून आशीर्वाद.

बारा तारखेचं पत्र वाचून मी खरंच रागावले होते. उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं, तिकीटही वाचलं असतं. पण काल संध्याकाळी मास्तर आले. काखेत स्वतःचा पट, कारण आमचा डबा कपाटावर चढला आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पायरीवर बसले, पट मांडला आणि आत हाक मारली, "काय हो, खेळणार आहात की सत्कार आहे कुठे?"

मामंजी बाहेर आले. काही विचारलं नाही. बसले. थोड्याच वेळात घोडा कुणी हलवला यावरून असं भांडण जुंपलं की बेकरीवालीबाई बघायला आली.

मास्तर पाणी प्यायला आत आले तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "तुमच्या वन्सं आल्या होत्या ना, त्या दुपारी. फाटकातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तर आल्या नाहीत. म्हणाल्या, 'त्यांनी मला कोंडलं नव्हतं. मी खोटं सांगितलं. माझ्यासाठी ते हो म्हणाले.' मग पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना. हातांचं काय करावं तेही कळेना, माझ्या फाटकाचा रंग खरवडत राहिल्या. मी म्हटलं, 'बरं.' तर त्याही 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. वहिनी, इतकं वाईट काम मी कुठल्या नटीचं पाहिलेलं नाही. म्हणूनच पटलं."

मी म्हटलं, मग इतके दिवस का लागले यायला. म्हणाले, "मी त्यांना ओळखलं नाही असं वाटत होतं, ते बरं होतं. बरोबर ओळखलं होतं आणि तरी सोडलं, हे कळल्यावर यायला तोंड नव्हतं."

मामंजींना मी यातलं काही सांगितलेलं नाही, मास्तरही सांगणार नाहीत. त्यांना वाटतं, मास्तरांचं मन आपोआप वळलं. काल दोन डाव हरले आणि साखर चाटायला विसरले.

आता माझं एक ऐका. तुम्ही हे माझ्यापासूनसुद्धा लपवलंत, ते तसंच लपवा. कुठल्या वार्ताहराने विचारलं, तर मला मासिकातून कळता कामा नये. छापून आलं, की मास्तर वाचतील, तेही नाटकच होतं की काय म्हणून विचारात पडतील, आणि पट उचलून घरी जातील.

— वहिनी